उघाडीची वेळ

भावेश कधी नाही म्हणायचा नाही, हीच गुणाबाईची त्याच्याबद्दलची तक्रार होती. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. हा नातू "हो आजी" म्हणायचा. मान वर न करता, मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बघत "हो आजी" म्हणायचा आणि उठून आपल्याला हवं तेच करायचा. टाकी भरली, मोटर बंद कर, तर हो आजी, आणि पाणी गच्चीवरून चार मजले खाली. गाडी गटाराकडे लावू नको, तर हो आजी, आणि सकाळी मागचं चाक गटारात. गुणाबाई अख्ख्या कामोठे गावात सांगत फिरायची, "माझा हरेस तोंडावर बोलतो, ता बरा. ह्यो पोरगा मना हो-हो बोलून खड्ड्यात घालतो. भिंतीला सांगितला असता तर भिंतीनं तरी आयकला असता."

गुणाबाईचं वय सत्तरीच्या पुढचं. नक्की किती ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारणाऱ्याची ती खैर ठेवायची नाही. शाळा दोनच वर्षं झाली. अक्षरं तेव्हाच विसरली. आकडे मात्र राहिले. आकडे राहिले ते सासऱ्यामुळे.

सासरे तुळशीराम यांचं खाडीकाठी मिठागर होतं. आता तिथे कॉलनीचे सेक्टर आहेत, क्लासेसचे बोर्ड आहेत, रिक्षा स्टँड आहे. पण गुणाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा घरामागून बांध सुरू व्हायचा आणि बांधाच्या टोकाला उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी दाराला लागलं की दार उचलायचं, पाणी आगरात घ्यायचं, पुरे झालं की दार टाकायचं. पाणी लागायच्या वेळी तिथे माणूस हजर पाहिजे. एक भरती हुकली की आगर कोरडं.

ती वेळ तुळशीराम बोटांवर काढायचा. तिथीला पाऊण लावायची. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सहाला भरती पूर्ण. त्यातून तीन तास मागे या, की पाणी उघाडीला लागायची वेळ आली. गुणाबाईकडून त्याने अख्खी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली, कारण मुलगा आळशी आणि सून हुशार. पुढे सासरा गेला, नवरा गेला, आगर गेलं, पाऊणकी राहिली. गावचे गणपती खाडीवर न्यायचे तर आधी गुणाबाईच्या ओट्यावर माणूस यायचा, "काकी, पानी कवा लागंल?" ती पदर सावरून, डोळे मिटून वेळ सांगायची. चाळीस वर्षांत तिची वेळ एकदाही चुकली नव्हती. मग गावाने सिमेंटचा हौद बांधला आणि विचारायला येणारं माणूस बंद झालं.

तर त्या डिसेंबरात भावेशने सहलीचा घाट घातला. लग्नाला तीनच महिने झाले होते. नवीन गाडी दारात उभी होती. बायको विनिता, बहीण रिया आणि तो स्वतः, असे तिघं समुद्राच्या कडेकडेने जाणार होते. पळस्पे फाट्यावरून पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, मग आगरदांड्याला गाडी बोटीत चढवून पलीकडे दिघी, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन. बुधवारी संध्याकाळी तिघं दिवाणखान्यात नकाशाचे छापील कागद पसरून बसले. सून मनिषा आत भाकऱ्या थापत होती, मुलगा हरेश साईटवर होता. गुणाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर लसूण सोलत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून ती सगळ्याला उत्तर देत होती.

"मला पॅरासेलिंग पाहिजे म्हणजे पाहिजे," रिया म्हणाली. ती बारावीला होती. "आणि बनाना राईड."

"ता काय असता?"

"पॅराशूटला बांधतात आजी, आणि बोट ओढते. आपण वर आकाशात."

"आन् त्याचे पैशे देतंस? गच्चीवर ये, मी तुला फुकट टांगते."

विनिता हसली. ती पेणची, बोलायला मऊ. तिला समुद्राकाठी तंबूत राहायचं होतं. गुणाबाईने तेही सोडलं नाही. चार मजल्यांचं घर टाकून कापडात झोपायला जाणाऱ्याला पूर्वी भिकारी म्हणायचे, असं तिने लसणाला सांगितलं.

"आणि हा बघ," भावेश विनिताला म्हणाला, "हा सगळ्यात भारी आहे. बगळखडक. फार कुणाला माहीत नाही. ओहोटीला वाळूतून चालत जायचं, खडकात गुहा आहे, पाण्याची डबकी आहेत, त्यात रंगीत मासे. रविवारी सकाळी. तिथेच खायला बसू. ओहोटी नऊ पन्नासला. नेटवर लिहिलंय, पावणेअकराच्या आत परत निघा."

गुणाबाईच्या हातातला लसूण थांबला. "रविवारी तिथी कंची?"

कुणी ऐकलं नाही.

"रिया, क्यालेंडर बघ. रविवारी तिथी कंची?"

"पंचमी."

गुणाबाईने डोळे मिटले. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारातून तीन गेले. "पाऊन वाजता पानी येतंय," ती म्हणाली. "बारा पंचेचाळीस. त्याच्या आदी येत नाय. पावनेअकराला निघायचा म्हंजे? जाऊन बूट काढशील तवर परत घालायचा? तुज्या त्या डब्याला खाडी ठाव हाय का?"

"हो आजी," भावेश म्हणाला.

मग मात्र गुणाबाईचा बांध फुटला. लसणाचं ताट तिने खाली आपटलं. "हो आजी! हो आजी! सात वर्सं आयकतंय मी तुजा हो आजी. मी काय ह्या घरात टीवी हाय? बोलत राहीन आन् तुमी जेवत राहाल? अरे, ह्या गावाचा गनपती माज्या सबदावर पान्यात गेला चालीस वर्सं! आन् तू मना डब्यातला वाचून दावतंस?"

आत भाकरीचा आवाज थांबला. विनिताने हळूच भावेशच्या गुडघ्याला हात लावला. "अहो, आजी सांगतात तर घ्या ना लिहून. त्यांचं आयुष्य गेलंय त्यात."

भावेशने आजीकडे पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला पुसायचं नव्हतं. त्याने खिशातलं पेन काढलं. कागदावर छापलेल्या वेळेवर काट मारली, वर हाताने काही लिहिलं आणि कागद तिच्यासमोर धरला.

"ह्यो बारा पंचेचालीस. आन् फुडं काय लिवलंस?"

"आजी."

"काय?"

"तुझं नाव लिहिलं. 'बारा पंचेचाळीस, आजी.' म्हणजे कुणी सांगितलं ते कळेल."

गुणाबाईने नाक मुरडलं, पण कागद सोडला नाही. त्याच कागदाच्या तळाशी राहायच्या घराचा फोन नंबर होता. भावेशने त्याची एक प्रत गाडीत ठेवली आणि एक फ्रीजवर चुंबकाखाली लावली. पुढचे दोन दिवस गुणाबाई पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून नको इतक्या वेळा फ्रीजकडे गेली.

शनिवारी उजाडताना ते गेले. रात्री फोन आला. बोटीतून गाडी नेली, राहायच्या घराच्या वाडीतच तंबू मिळाला, रियाला आकाशात टांगून झालं. गुणाबाई फोनवर ओरडली, "उद्या पाऊन वाजेपरेंत खुशाल बसा! धावाधाव करू नका!"

"हो आजी," भावेश म्हणाला, आणि या वेळी त्या हो मध्ये तिला खोट सापडली नाही.

रविवारी अकराला उरणची जनी आली. दर रविवारी ती टोपली घेऊन बसने यायची आणि सगळ्यात आधी गुणाबाईच्या ओट्यावर टेकायची. जनी कोळीण, नवरा आणि दोन मुलगे दर्यावर. गुणाबाईचं आणि तिचं तीस वर्षांचं भांडण होतं. आधी मासळीच्या दरावरून, मग ताजेपणावरून.

"घरात कोन नाय वाटतं?" जनीने टोपली उतरवली. "सून कुटं?"

"नवीन पनवेलला, भावाकडं. हरेस साईटवर. पोरा दर्याला गेलीत फिराया. आन् सांग तुला, माजा भावेस माज्या सबदावर गेलाय." गुणाबाईने पदर सावरला. "कंप्यूटरनं सांगितला येक, मी सांगितला येक. त्यानं कंप्यूटरच्या नावावर काट मारली. फ्रीजवर कागद हाय, बघ जाऊन."

"मना कुटं वाचता येतंय! काय सांगितलास तू?"

"खडकावर चालत जायचा हाय त्यांना. पंचमी ना आज? पाच पाऊने पावनेचार. तीन मागं. पाऊन वाजता पानी येतंय, तवर बसा म्हनाली."

जनी बोंबील निवडत होती. तिचा हात चालूच होता, पण नजर वर आली. "कुटं बसा म्हनालीस?"

"खडकावर. दर्यात. दिवेआगरकडं."

"गुणाबाय," जनी म्हणाली, "पाऊन वाजता पानी कुटं येतंय?"

"कुटं म्हंजे? उघाडीला."

"आन् दर्यात कवा येतंय?"

गुणाबाईला प्रश्नच कळला नाही. पाणी येतं म्हणजे उघाडीला येतं. उघाडीच्या खाली खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या मुळांत पाणी कधी चढायला लागतं, याच्याशी आगरवाल्याला काय घेणं होतं? दाराला लागलं की भरती. तोवर पाणी नव्हतंच.

जनीने बोंबील टोपलीत परत टाकला. "बाय, तुमच्या दाराशी येतो तवा तुमी त्याला भरती बोलता. आमचा दर्या त्याच्या आदी तीन घंटे भरत असतो. पंचमीला धाच्या आसपास फिरला तो. आता अकरा वाजलं. खडकाकडं जायच्या वाटंवर पानी आलाच आसंल. ही वाट आदी बुडते, खडक मागून."

गुणाबाई उभी राहिली, मग बसली. तिने पुन्हा बोटं मोजली, जसं काही पाऊणकीच चुकली असावी. पाच पाऊणे पावणेचार. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं.

"आता फोन कर," जनी म्हणाली. "अजून येल हाय. घोट्यायेवढा आसंल. आत्ता निघालं तर निघतील."

फोन भिंतीपाशी होता आणि सगळ्यांचे नंबर वर मोठ्या आकड्यांत लिहिलेले होते. गुणाबाईने भावेशचा लावला. एका बाईने गोड आवाजात सांगितलं की हा ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. विनिताचा लावला, तीच बाई. रियाचा लावला.

"अगो, तुला सांगते काय मी," गुणाबाई त्या बाईला म्हणाली, "त्यांना बोलाव. येवडं सांग, आजी बोलली, आत्ता निघा."

बाईने पुन्हा तेच सांगितलं.

"ती मशीन हाय," जनी म्हणाली.

"मशीन हाय तर मान्सासारकी बोलते कशाला!"

फ्रीजवरचा कागद तिने ओढून काढला. चुंबक खाली पडून टाईलवर घरंगळत गेलं. तळाचा नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत तिने फिरवला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा एका पुरुषाने उचलला. मागे ताटांचा आवाज होता.

"अहो दादा, माजी नातवंडा तुमच्याकडं राहिलीत. पनवेलची. भावेस नाव."

"हो, हो. ते बगळखडकाला गेलेत, साडेनऊला."

"त्यांना मागं बोलवा. पानी भरतंय."

"मावशी, पोरं शिकलेली आहेत. मी वेळ सांगायलाच गेलो होतो. म्हणाले, आमच्याकडे वेळ आहे. घरूनच लिहून आणलीय म्हणाले."

गुणाबाईने कागदावरच्या काट मारलेल्या आकड्यांकडे पाहिलं.

"काळजी करू नका. माझ्याकडे आज जेवायला चाळीस माणसं आहेत, एक जण मोकळा झाला की पाठवतो." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही. वाजतच राहिला.

"हरेसला सांग," जनी म्हणाली.

गुणाबाईने हरेशचा नंबर लावला. त्याने लगेच उचलला. "काय आये? बोल लवकर, स्लॅब चाललाय."

तिने तोंड उघडलं. हरेश ऐकून करणार काय? इथून निघाला तर पोचायला संध्याकाळ. आणि सांगायचं काय त्याला? पोरांना पाण्यात कुणी बसवलं म्हणून?

"काय गो आये?"

"जेवाया येतंस का?" गुणाबाई म्हणाली.

"नाय, इथंच खाईन. एवड्यासाटी फोन केलास?"

जनीने तिच्याकडे पाहिलं. टोपलीतला बर्फ वितळून ओट्यावर ओघळ आला होता. मासळी विकायची तर आत्ताच विकायला हवी होती. तिने ओलं फडकं पिळून टोपलीवर टाकलं आणि भिंतीला टेकून बसली.

"तुजा धंदा बुडतंय, जा तू," गुणाबाई म्हणाली.

"बुडू दे."

साडेअकरा, बारा. गुणाबाई दर थोड्या वेळाने तीन नंबर फिरवायची आणि त्या बाईचं ऐकून घ्यायची. आता ती तिला शिव्या देत नव्हती. शेवटचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची, न जाणो बाई काही वेगळं बोलेल.

"खडक बुडतो का गो?" तिने विचारलं.

"मी ता खडक पायला नाय."

"तरी पन."

"पंचमी हाय. उदान नाय. पानी फार चडत नाय पंचमीला." जनीने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "त्यांनी चालत यायचा येडेपना करू नये, येवडाच. खडकावर बसून रायले तर रातीपरेंत पानी उतरतंय. पन मधी पानी बघून मानूस घाबरतंय, आन् उतरतंय."

"रियाला पवता येत नाय."

"आन् सुनंला?"

"तिचा मी कदी विचारलाच नाय."

पाऊण वाजायला आला तसं गुणाबाईला घरात बसवेना. ती जिन्याचा कठडा धरत चौथ्या मजल्याच्या वर गच्चीत गेली, जनी मागून. गच्चीवरून एका बाजूला दोन बिल्डिंगांच्या मधून हातभर खाडी दिसायची. तिथेच कुठेतरी, आताच्या पंपहाऊसच्या मागे, उघाडी होती. खाली चिखल होता, काळा, पाणी नसलेला. एक बगळा त्यात पाय रोवून उभा होता.

मग चिखलावरून एक चमक सरकत आली. अगदी बारीक, पदराच्या किनारीएवढी. ती बांधाच्या जुन्या दगडांशी आली आणि तिथे लागली.

खालच्या क्लासमध्ये कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ बघून मुलांना सुट्टी दिली असावी, जिन्यात पावलं वाजली. पाऊण वाजला होता. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही.

गुणाबाई बघत राहिली. सासऱ्याने शिकवलं होतं तस्संच. पाणी दगडाला लागलं होतं, आणि सूर्य डोक्यावर होता, आणि तिकडे तिची तीन माणसं तीन तास भरत आलेल्या दर्यात होती. तिने हात जोडले नाहीत. कुणाला जोडायचे ते तिला कळेना.

"चल खाली," जनी म्हणाली, "फोन वाजला तर कोन उचलंल?"

फोन वाजला नाही. दोन वाजले, तीन वाजले. जनीने चहा केला, तो दोघींच्या पुढे साय धरून राहिला. चारला मनिषाने नवीन पनवेलहून फोन केला, उशीर होईल म्हणून; गुणाबाई म्हणाली, होऊ दे. सव्वापाचला फोन वाजला, नंबर अनोळखी.

"आजी," भावेशचा आवाज होता, दात वाजत होते. "आम्ही बाहेर आलो. ठीक आहोत."

"सगळी?"

"सगळी. साडेबाराला निघालो तर मधे छातीएवढं पाणी. रिया घसरली, पायाला खडक लागला. तिला ओढून परत वर चढलो. मग तिथेच उभे. जाळी टाकणारे दोघं होडीतून जात होते, त्यांनी पाहिलं. विनिताने ओढणी हलवून हलवून..." त्याचा आवाज तुटला. "पप्पांना आत्ता सांगू नको. उद्या आम्ही येतो. पुढचं श्रीवर्धन वगैरे नको आता."

गुणाबाईला काही बोलायचं होतं. फोन तिच्या हातात होता, आणि भावेश वाट बघत होता, कदाचित शिवीची. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी त्यानेच ठेवला.

जनी उठली. टोपलीतले बोंबील मऊ पडले होते, त्यांना आता मांजरानेच खायचं. दारात ती म्हणाली, "हरेसला मी काय सांगनार नाय."

ती गेल्यावर गुणाबाईने जमिनीवरचं चुंबक उचलून फ्रीजला लावलं. कागद मात्र लावला नाही. चारदा घडी घालून तिने तो कनवटीला खोचला. मनिषाने रात्री विचारलं, "आई, इथला कागद कुटं गेला?" तर म्हणाली, "मना काय ठाव. पंख्यानं उडाला आसंल." रात्रभर कागद कमरेला टोचत होता.

सोमवारी दुपारी गाडी आली. रिया लंगडत उतरली, पावलाला सात टाके. विनिताचं अंग तापलेलं. भावेशच्या पायात दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला होत्या. तिघांचेही फोन मिठाच्या पाण्याने गेले होते. मनिषाने पोरीला कवटाळून रडायला सुरुवात केली. सकाळी भावेशने घरमालकाच्या फोनवरून कळवल्यामुळे हरेश साईट सोडून घरी बसला होता. तो भावेशच्या अंगावर गेला.

"तीन माणसं मारत होतास! इंजिनीअर झालायस ना? भरती कधी, ओहोटी कधी, येवडा वाचता येत नाय तुला?"

भावेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने आजीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी चुकीचं वाचलं, पप्पा. नेटवर वेळ वेगळी होती, मी घाईत दुसरीच लिहिली. चूक माझी आहे."

"आहेच तुझी!"

विनिता काही बोलायला गेली, तर भावेशने तिच्याकडे बघून मान हलवली. रियानेही खाली बघितलं. तिघांचं वाटेत ठरलं होतं, हे गुणाबाईला लगेच कळलं. त्या चुकीतून तिला बाहेर काढून तिघांनी जणू दार लावून घेतलं होतं. तिला लाज वाटू नये म्हणून.

हरेश बोलतच होता. तरुण बायको घरात आणलीस, तिच्या आईबापाला मी काय तोंड दाखवलं असतं. बहिणीला पोहता येत नाही हे ठाऊक नव्हतं का. गाडीच्या चाव्या इकडे दे. भावेशने खिशातून चाव्या काढून बापाच्या हातात ठेवल्या.

गुणाबाईने कनवटीत बोटं घातली. गाठ सुटेना. घामाने कागद लुगड्याला चिकटला होता. ओढला तेव्हा एका कोपऱ्याला फाटला.

"हरेस," ती म्हणाली, "वाच."

"काय आहे हे?"

"वाच म्हनते. काट मारलेली येल हाय, तिच्या वर काय लिवलंय?"

हरेशने घडी उलगडली, कागद उजेडाकडे धरला. "बारा पंचेचाळीस..." तो थांबला.

"फुडं?"

"आये..."

"फुडं वाच, मोट्यानं. सगल्यांना आयकू दे."

"आजी," हरेश म्हणाला.

मनिषाचं रडणं थांबलं होतं. खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. हरेशने चाव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या आणि त्यांचं काय करायचं ते त्याला सुचेना.

गुणाबाई खुर्चीचा हात धरून उठली. भावेशपर्यंत चार पावलं होती, ती तिने चालली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच. तिला मान वर करावी लागली.

"माजा कागद तुज्या डोक्यावर घेतंस? मी काय मेली हाय का, माजी लाज तू झाकायला?" तिचा आवाज फाटला, तरी तिने तो खाली आणला नाही. "माजी येल उघाडीची व्हती. ती उघाडी गेली, आन् मना ता कलला नाय. तुला डब्यानं बरोबर सांगितला व्हता, आन् तू त्यावर काट मारलीस. का मारलीस? तर म्हातारी रडली. आयक आता. सात वर्सं तू 'हो आजी' बोलून आपलाच करत व्हतास, ताच शानपन व्हता. येकदा आयकलास, आन् ह्या पोरींना बुडवत व्हतास. येडा तू हायस, भावेस. मी रडली तर रडू दे. उद्यापास्ना मना 'हो आजी' बोल, आन् कागद बघून चाल."